संगणकाच्या गाभ्याची पाहणी : मुक्त साधनांचा तौलनिक विचार



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय असे विषय आपण पुष्कळ ऐकता. त्या मानाने माझा आजचा विषय कोरडा वाटण्याचा संभव आहे. शिवाय निमंत्रणपत्रिकेवर 'कर्नेल' हा शब्द वाचून हे व्याख्यान लष्करासंबंधी असावे अशी कोणाची समजूत झाली असेल, तर ती आरंभीच दूर केलेली बरी. कठीण कवच फोडल्यावर आत जो गर किंवा बी मिळते, तिला इंग्रजीत कर्नेल म्हणतात. संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा सर्वांत आतला जो भाग, त्याला तज्ज्ञांनी हेच नाव दिले, आणि त्याच्याभोवतीच्या भागाला 'शेल' म्हणजे कवच म्हटले. आपण आज कर्नेलला गाभा म्हणू. हा गाभा चालू असताना त्याच्यात डोकवावयाचे कसे, त्याच्या कळा फिरवावयाच्या कधी, आणि त्यासाठी जी मुक्त साधने उपलब्ध आहेत त्यांत निवड कशी करावयाची, एवढाच आजचा विषय आहे.

कोणी विचारील की, या गाभ्याशी आम्हा सामान्य नागरिकांचा संबंध काय? संबंध आपल्या खिशात आहे. ज्यांच्याजवळ अँड्रॉइडचा मोबाइल आहे, त्यांच्या खिशात या क्षणी लिनक्स नावाचा गाभा चालू आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तो १९९१ साली लिहावयास घेतला, आणि १९९२ पासून तो अशा परवान्याखाली आहे की, त्याचे मूळ लेखन कोणीही वाचावे, बदलावे आणि इतरांस द्यावे. आज त्या लेखनाच्या ओळी काही कोटींच्या घरात गेल्या आहेत. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांची यादी वर्षातून दोन वेळा प्रसिद्ध होते. तीमधील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालते. पुण्याच्या 'आयसर' या संस्थेत २०१९ साली बसवलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही त्याला अपवाद नाही. म्हणजे खिशातले यंत्र आणि महासंगणक यांचा गाभा एकच.

हा गाभा करतो तरी काय? पाटाच्या पाण्यावर शेती असलेल्या गावांतील मंडळींना हे लगेच कळेल. तेथे पाटकरी असतो. पाणी मर्यादित, वावरे पुष्कळ, आणि प्रत्येकाला वाटते की आपले वावर आधी भिजावे. कोणाची पाळी केव्हा, किती वेळ दार उघडे ठेवावयाचे, हे पाटकरी ठरवतो. संगणकात पाण्याच्या जागी प्रोसेसरचा वेळ आहे, स्मृती आहे, डिस्क आहे, जाळ्यावरची वाट आहे. आणि वावरांच्या जागी निरनिराळे प्रोग्रॅम आहेत. गाभा त्यांच्यात वाटप करतो. फरक इतकाच की, पाटकऱ्याची पाळी तासांची असते आणि गाभ्याची पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागात बदलते. एवढ्या वेगाने चाललेले वाटप साध्या डोळ्यांना दिसणे शक्य नाही. म्हणून साधने लागतात.

औषधाआधी निदान

समजा, एखाद्या पतपेढीत मार्चअखेरचे व्याज आकारण्याचे काम संगणकावर चालले आहे. पूर्वी अर्ध्या तासात होणारे काम आता चार तास घेते. चिटणीस पुरवठादाराला बोलावतात. पुरवठादार म्हणतो, ''यंत्र लहान पडते, मोठे घ्या.'' संचालक मंडळ ठराव करते, आणि सभासदांच्या पैशातून नवे यंत्र येते. असे प्रकार आपल्या आसपास घडत असतात हे आपणांस सांगावयास नको.

परंतु यंत्र मंद का झाले होते? कदाचित प्रोसेसर खरोखरच हिशेबात बुडाला असेल. कदाचित तो रिकामा बसून डिस्ककडून येणाऱ्या माहितीची वाट पाहत असेल. कदाचित दोन प्रोग्रॅम एकाच कुलपापाशी अडून एकमेकांची वाट अडवत असतील. कदाचित स्मृती अपुरी पडून गाभा तिच्यातील मजकूर सारखा डिस्कवर नेत आणि परत आणत असेल. बाहेरून या चारही रोगांचे लक्षण एकच, मंदपणा. वेगवान प्रोसेसर घेतल्याने पहिला रोग जाईल. तिसरा जसाच्या तसा राहील. ताप आला एवढे पाहून हिवतापाचे आणि विषमज्वराचे औषध एकच देणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणतो? तेव्हा आधी निदान हवे.

निदानाच्या पद्धती मुख्यतः तीन आहेत. पहिली मोजणीची, दुसरी नमुन्याची, तिसरी माग काढण्याची. आपल्या पाटकऱ्याचेच उदाहरण घेऊ. दिवसभरात पाटातून एकंदर किती पाणी गेले हे लिहून ठेवणे ही मोजणी. अधूनमधून अचानक पाटावर जाऊन या क्षणी पाणी कोणाच्या वावरात चालले आहे हे पाहणे हा नमुना. आणि एकाच पाळीचे पाणी दारापासून शेवटच्या सरीपर्यंत चालत जाऊन ते कोठे थांबले, कोठे फुटले हे पाहणे म्हणजे माग काढणे. सगळी साधने या तीन पद्धतींत बसतात, आणि त्यांचे गुणदोषही त्यांच्या पद्धतीतूनच येतात.

मोजणी

मोजणीची साधने सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी. लिनक्सचा गाभा आपले हिशेब 'प्रॉक' नावाच्या एका कप्प्यात फायलींच्या रूपाने मांडून ठेवतो. चालू प्रोग्रॅम फायलींच्या रूपाने दाखवावेत ही कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या टॉम किलियन यांनी १९८४ साली युनिक्स प्रणालीकरिता मांडली. 'टॉप', 'व्हीएमस्टॅट' यांसारखी साधने त्याच फायली वाचतात आणि आपणांस नीट तक्त्यात दाखवतात. ही साधने लिनक्सच्या बहुतेक यंत्रांवर हजर असतात, त्यांच्यामुळे यंत्रावर भार पडत नाही, आणि कसलाही धोका नाही. निदानाचा आरंभ यांच्यापासूनच करावा.

पण त्यांच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. 'टॉप' हे साधन साधारणपणे दर तीन सेकंदांनी नवे आकडे दाखवते. दोन आकड्यांच्या मधल्या वेळात एखादा प्रोग्रॅम जन्मला, काम करून गेला आणि संपला, तर तो यादीत दिसतच नाही. असे शेकडो अल्पायुषी प्रोग्रॅम मिळून यंत्राला दमवू शकतात. यादी मात्र सांगते, सर्व शांत आहे.

दुसरी मर्यादा सरासरीची. १०० कामांपैकी ९९ कामे एकेका मिलिसेकंदात झाली आणि एका कामाला १,००० मिलिसेकंद लागले, तर सरासरी येते जवळजवळ ११. प्रत्यक्षात ११ मिलिसेकंद लागलेले काम एकही नाही! ज्या सभासदाचे काम अडले, तो या सरासरीत कोठेच दिसत नाही.

तिसरी अडचण आकड्यांच्या अर्थाची. 'लोड अ‍ॅव्हरेज' म्हणून एक आकडा फार लोकप्रिय आहे. तो वाढला की प्रोसेसर थकला असे पुष्कळजण समजतात. पण लिनक्समध्ये १९९३ पासून या आकड्यात डिस्कची वाट पाहत बसलेली कामेही धरली जातात. तेव्हा प्रोसेसर स्वस्थ असूनही हा आकडा चढलेला असू शकतो. आकडा खोटा नसतो. आपण त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो.

नमुना

नमुन्याच्या पद्धतीचे आजचे प्रमुख साधन म्हणजे 'पर्फ'. टॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांनी आरंभलेले हे साधन २००९ साली लिनक्सच्या २.६.३१ या आवृत्तीत गाभ्याबरोबरच आले. प्रोसेसर तयार करणारे कारखाने प्रोसेसरच्या आतच काही मोजयंत्रे बसवतात. किती सूचना पार पडल्या, किती वेळा हाताशी ठेवलेल्या जलद स्मृतीत हवी ती गोष्ट सापडली नाही, हे ती मोजत असतात. 'पर्फ' ती वाचते. शिवाय ठरावीक अंतराने प्रोसेसरला थांबवून, 'या क्षणी तू कोणत्या फंक्शनमध्ये आहेस?' असे विचारते.

हे विचारणे पुष्कळ जाणकार सेकंदाला १०० वेळा न ठेवता ९९ वेळा ठेवतात. यात एक साधी युक्ती आहे. यंत्रात पुष्कळशी कामे सेकंदाला १०० किंवा १,००० अशा ठोक्यांवर चालतात. आपणही त्याच ठोक्यावर गेलो, तर दर वेळी तेच काम भेटेल आणि बाकीची भेटणारच नाहीत. रोज सकाळी दहालाच कचेरीत डोकावणाऱ्याला वाटते की येथे चहाखेरीज काही चालत नाही. वेळ किंचित मागेपुढे केली की खरे चित्र दिसते.

'पर्फ'ने जमवलेले हजारो नमुने वाचावयाचे कसे हाही प्रश्न होता. ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने २०११ साली 'फ्लेम ग्राफ' म्हणजे ज्वालाचित्राची रीत काढली. फंक्शनवर फंक्शन रचत जावयाचे, आणि ज्याच्यात जितका वेळ गेला तितकी त्याची पट्टी रुंद काढावयाची. चुलीतल्या ज्वाळांसारखे चित्र तयार होते आणि सर्वांत रुंद ज्वाळ कोणती हे लहान मूलही सांगू शकते.

'पर्फ'मुळे एक मोठा भ्रमही दूर होतो. 'प्रोसेसर शंभर टक्के वापरात' असे मोजणीचे साधन सांगते, तेव्हा प्रोसेसर काम करतो आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मुख्य स्मृतीतून एखादी गोष्ट आणावयास प्रोसेसरचे शेकडो ठोके जातात, आणि तेवढा काळ तो नुसता ताटकळत असू शकतो. दर ठोक्याला किती सूचना पार पडल्या हा आकडा 'पर्फ' देते. तो फार खाली असेल, तर प्रोसेसर बहुधा राबत नाही, वाट पाहतो आहे. आपल्या पतपेढीला अशा वेळी वेगवान प्रोसेसर देऊन काय लाभ? वाट पाहणारा आणखी वेगाने वाट पाहील!

माग

तिसरी पद्धत माग काढण्याची. येथे 'एफ्‌ट्रेस' या साधनाचा मान पहिला. स्टीव्हन रोस्टेड यांचे हे साधन २००८ साली २.६.२७ या आवृत्तीत आले. याची रचना मोठी हुशारीची आहे. गाभ्यातील बहुतेक प्रत्येक फंक्शनच्या उंबरठ्यावर एक लहानशी जागा राखून ठेवलेली असते. एरवी तेथे 'काहीही करू नकोस' एवढीच सूचना असते, त्यामुळे वेळ जवळजवळ खर्च होत नाही. आपण माग सुरू केला की तेवढ्यापुरती ती सूचना बदलून 'आत जाताना नोंद कर' अशी होते. यासाठी वेगळा प्रोग्रॅम आणावा लागत नाही. गाभ्याच्या एका कप्प्यातील फायलीत योग्य शब्द लिहिला की पुरे. जेथे नवे काही बसवण्याची मुभा नाही, अशा लहानशा यंत्रावरही ते चालते. अँड्रॉइडचे अभियंते मोबाइल कोठे अडखळतो हे शोधताना 'पर्फेटो' नावाचे साधन वापरतात, तेही पुष्कळशी माहिती 'एफ्‌ट्रेस'कडूनच घेते.

पण उंबरठ्यावर नोंद करणे पुरेसे नसते. कधी आपणांस म्हणावयाचे असते की, 'डिस्कला पन्नास मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागला तरच नोंद कर, आणि कोणत्या प्रोग्रॅमकरिता लागला ते सांग.' म्हणजे पाहणाऱ्याचा स्वतःचा लहानसा प्रोग्रॅम गाभ्याच्या आत चालवला पाहिजे. आणि येथेच धोका उत्पन्न होतो. गाभ्याबाहेरचा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. गाभ्याच्या आत शिरलेला प्रोग्रॅम चुकला तर सारे यंत्र बंद पडते.

हा धोका किती मोठा असू शकतो, ते जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिले. 'क्राउडस्ट्राइक' या कंपनीचा सुरक्षेचा प्रोग्रॅम विंडोज प्रणालीच्या गाभ्यात बसत असे. त्याच्याकरिता पाठवलेल्या माहितीच्या एका फायलीत दोष निघाला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. भारतातील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो प्रोग्रॅम पाहणीच्या या मुक्त साधनांपैकी नव्हता आणि लिनक्सवरील नव्हता. परंतु गाभ्यात शिरणाऱ्या परक्या प्रोग्रॅमची जबाबदारी काय असते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

या धोक्याला तिघांनी तीन निरनिराळी उत्तरे दिली. त्यांची तुलना हाच आजच्या विषयाचा कस आहे.

पहिले उत्तर 'डीट्रेस'चे. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीतील ब्रायन कँट्रिल, माइक शापिरो आणि अ‍ॅडम लेव्हेंथाल यांनी ते तयार केले आणि २००५ साली सोलॅरिस १० बरोबर ते सर्वांच्या हाती आले. त्यांनी पाहणाऱ्याच्या भाषेतूनच धोका काढून टाकला. या भाषेत फिरून फिरून तेच करण्याची सोयच ठेवली नाही. त्यामुळे प्रोग्रॅम गाभ्यात शिरून कायमचा अडकून बसण्याची भीती गेली. चालू असलेल्या, लोकांच्या कामाच्या यंत्रावर निर्धास्तपणे वापरता यावे हा त्यांचा आग्रह होता, आणि पुढच्या सर्वांनी तो धडा त्यांच्यापासून घेतला. सनने त्याचे लेखन खुले केले, परंतु ज्या परवान्याखाली खुले केले तो लिनक्सच्या परवान्याशी जुळत नाही असे सर्वसाधारण मत पडले. फ्रीबीएसडी आणि मॅक या प्रणालींनी ते घेतले. लिनक्सला मात्र उत्तम साधन समोर असूनही आपली वाट वेगळी काढावी लागली. पुढे सन कंपनी ओरॅकलने घेतली आणि २०१८ च्या सुमारास त्या कंपनीने गाभ्यातील भाग लिनक्सला जुळेल अशा परवान्याखाली दिला. पण तोपर्यंत तेरा वर्षे गेली होती. 'मुक्त' या एका शब्दाखाली सर्व काही सारखे नसते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरे उत्तर 'सिस्टिमटॅप'चे. याच्या पायाशी 'केप्रोब' नावाची एक सोय आहे. गाभ्यातील जवळजवळ कोणत्याही सूचनेच्या जागी क्षणभर खूण ठेवावयाची, तेथे नोंद करावयाची आणि मूळ सूचना पार पाडून पुढे जावयाचे, असे तिचे काम. आयबीएम कंपनीच्या भारतातील अभियंत्यांनी तिचे पहिले लेखन २००२ साली केले ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. २००४ साली ती २.६.९ या आवृत्तीत समाविष्ट झाली. त्या पायावर रेड हॅट, आयबीएम, इंटेल, हिताची या कंपन्यांनी २००५ पासून 'सिस्टिमटॅप' उभारले. हे साधन आपण लिहिलेल्या मजकुराचे भाषांतर करून गाभ्यात बसेल असा भाग तयार करते. मर्यादा घालणाऱ्या तपासण्या त्या भागातच लिहिलेल्या असतात. सामर्थ्य फार मोठे. जाणत्याला त्या तपासण्या बाजूला सारण्याचीही मुभा आहे. पण त्याकरिता यंत्रावर भाषांतराची सर्व सामग्री लागते, नेमक्या त्याच आवृत्तीची तपशीलवार माहिती लागते, आणि एकदा भाग आत गेला की गाभा त्याच्यावर आपल्याच माणसासारखा विश्वास टाकतो.

तिसरे उत्तर 'ईबीपीएफ'चे. याचे मूळ अगदी वेगळे. अमेरिकेतील बर्कलीच्या प्रयोगशाळेत स्टीव्हन मकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी जाळ्यावरून येणारी पाकिटे गाभ्यातच निवडण्याकरिता एक चिमुकली भाषा केली. तिच्यावरील त्यांचा निबंध १९९३ सालचा आहे. अ‍ॅलेक्सी स्तारोवोइतोव यांनी २०१४ साली तिचा विस्तार केला. येथे सुरक्षिततेचा भार ना पाहणाऱ्याच्या भाषेवर आहे, ना त्याच्या शहाणपणावर. गाभ्याच्या दारातच एक पडताळणी करणारा बसवलेला आहे. आत येऊ पाहणाऱ्या प्रोग्रॅमच्या निरनिराळ्या वाटा तो स्वतः चालून पाहतो. हा प्रोग्रॅम कधीतरी संपतो ना, आपल्या नसलेल्या स्मृतीला हात लावत नाही ना, याची खात्री पटली तरच तो आत सोडतो. त्यावर 'बीसीसी' आणि 'बीपीएफट्रेस' ही वापरावयाची साधने उभी आहेत. मघाशी 'टॉप'ला न दिसलेले अल्पायुषी प्रोग्रॅम यांतले 'एक्झेकस्नूप' एकेक करून दाखवते. सरासरीत हरवलेला आपला तो एक सभासद 'बायोलेटन्सी'च्या तक्त्यात वेगळ्या रांगेत उभा दिसतो.

पडताळणी करणारा निर्दोष आहे असे मात्र समजू नये. त्याच्यातही चुका सापडल्या आहेत आणि त्यांचा गैरफायदा घेता येतो हेही सिद्ध झाले आहे. म्हणून सामान्य वापरकर्त्याला हे दार बहुतेक प्रणालींत बंदच ठेवतात. शिवाय जुन्या यंत्रांवरील जुन्या गाभ्यात ही सोय अपुरी असते.

मग निवड कशी करावी? आरंभ मोजणीने करावा. प्रोसेसर गुंतलेला दिसला तर 'पर्फ' घ्यावे. वाट पाहणे दिसले, म्हणजे डिस्क, कुलूप किंवा जाळे, तर गाभा नवा असल्यास 'बीपीएफट्रेस' घ्यावे. जुना किंवा लहान असल्यास 'एफ्‌ट्रेस' पुरते. गाभ्याच्या खोल पोटातील, इतर कशानेही न दिसणारी गोष्ट हवी असेल, तर 'सिस्टिमटॅप'. पण ते आधी परीक्षेच्या यंत्रावर चालवून पाहावे. फ्रीबीएसडीवर असाल तर 'डीट्रेस' हाताशी आहेच.

कळा फिरवणे

आता पाहणीनंतरची पायरी. लिनक्सच्या गाभ्याला शेकड्यांनी कळा आहेत. 'सिस्कंट्रोल' या साधनाने त्या एकेक करून फिरवता येतात. 'ट्यून्ड' हे साधन कामाच्या जातीप्रमाणे कळांचे तयार संच देते: एक अधिकात अधिक काम उरकण्याकरिता, एक झटपट उत्तराकरिता, एक वीज वाचवण्याकरिता. ओरॅकलने २०२३ साली पुढे आणलेले 'बीपीएफट्यून' तर ईबीपीएफच्या साह्याने स्वतःच पाहते आणि स्वतःच कळा फिरवते. पहिल्यात सर्व विचार आपला, दुसऱ्यात अनुभवी लोकांचा, तिसऱ्यात यंत्राचा. नवख्याने तयार संचापासून सुरुवात करावी हे बरे. कारण सुटी कळ फिरवणे सोपे आणि तिचे परिणाम ओळखणे अवघड.

याचे एक बोधप्रद उदाहरण सांगतो. जाळ्यावर एक जोडणी संपल्यानंतर गाभा तिची नोंद काही काळ राखून ठेवतो, कारण उशिरा पोहोचलेली पाकिटे नव्या जोडणीत मिसळू नयेत. गर्दीच्या यंत्रांवर अशा नोंदी हजारोंनी दिसतात, आणि त्या पाहून माणूस घाबरतो. त्या झटपट मोकळ्या करणारी 'टीसीपी टीडब्ल्यू रीसायकल' नावाची एक कळ लिनक्समध्ये होती. ती चालू करा, असा सल्ला वर्षानुवर्षे एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. कळ फिरवली की आकडा खाली येई, आणि माणूस समाधानाने घरी जाई.

पण ही कळ चालू असता गाभा एकाच पत्त्यावरून येणाऱ्या पाकिटांवरील वेळेच्या खुणा चढत्या क्रमाने असतील असे धरून चाले. आता मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यात हजारो ग्राहक बाहेरून एकाच पत्त्याने दिसतात, आणि प्रत्येक मोबाइलचे घड्याळ वेगळे. ज्याची खूण मागची निघे, त्याची हाक गाभा मुकाट्याने टाकून देई. परिणाम असा की, काही ग्राहकांना काही वेळा उत्तरच मिळत नसे. चुकीचा संदेश नाही, काही नाही. नुसते थांबून राहणे. ज्याने कळ फिरवली त्याच्या तक्त्यावर सर्व ठीक, आणि गावातला माणूस मात्र मोबाइल हातात धरून ताटकळत उभा! अखेर २०१७ साली ४.१२ या आवृत्तीतून ही कळच काढून टाकण्यात आली.

यातून निघणारा नियम साधा आहे. आधी मोजावे, एका वेळी एकच कळ फिरवावी, पुन्हा मोजावे, आणि का फिरवली ते लिहून ठेवावे. मोजावयाचे तेही आपल्या तक्त्यावरचा आकडा नव्हे. ज्याच्याकरिता यंत्र आहे त्या माणसाला किती वेळ लागला ते मोजावे.

पाहण्याचा अधिकार

शेवटी एका प्रश्नाचा विचार करून मी थांबणार आहे. ही साधने मुक्त आहेत याचे महत्त्व काय? ती फुकट मिळतात एवढेच असते, तर मी आपला एवढा वेळ घेतला नसता.

साधनाने दाखवलेल्या आकड्यावर विश्वास ठेवावयाचा तर तो आकडा कसा काढला हे तपासता आले पाहिजे. 'लोड अ‍ॅव्हरेज'मध्ये डिस्कची वाट पाहणारी कामे का धरली, याचा उलगडा ब्रेंडन ग्रेग यांनी २०१७ साली १९९३ सालचा पत्रव्यवहार धुंडाळून केला. मूळ लेखन आणि त्यामागची चर्चा खुली होती म्हणूनच ते शक्य झाले. बंद पेटीत हे झाले नसते. बाजारात दुकानदाराच्या तराजूवर सरकारी शिक्का असावा असा आपला आग्रह असतो. मग ज्या यंत्रांवर आपल्या ठेवी, आपले सातबारा उतारे, आपल्या रुग्णालयातील नोंदी आहेत, त्यांच्या तराजूबद्दल आपण उदासीन का राहावे? भारत सरकारने २०१५ साली सरकारी कामाकरिता मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. परंतु धोरण कागदावर राहते आणि यंत्र गावात असते. त्या दोहोंच्या मध्ये पाहणारा माणूस लागतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याला गाभ्यात पाहता येते, त्याला सर्वच पाहता येते. कोणी कोणती फाइल उघडली, कोणता मजकूर पाठवला, हेही या साधनांना दिसू शकते. म्हणून ती वापरण्याचा अधिकार कोणाला दिला, केव्हा दिला आणि त्याने काय पाहिले, याची नोंद संस्थेने ठेवली पाहिजे. निदानासाठी वैद्याला दिलेली मुभा चोरासाठी दार ठरू नये.

आपणांपैकी फार थोड्यांना ही साधने स्वतः चालवावी लागतील. परंतु आपण पतपेढ्यांचे सभासद आहोत, शाळांचे पालक आहोत, नगरपालिकेचे करदाते आहोत. 'संगणक मंद आहे, नवा घेऊ' असा ठराव पुढच्या वेळी समोर येईल, तेव्हा आपणांपैकी एकाने उठून विचारावे की, 'वेळ कोठे जातो ते पाहिले काय? कशाने पाहिले? आम्हांला दाखवा.' या प्रश्नाला तंत्रज्ञान लागत नाही. आणि आपल्या गावातील जी तरुण मुले-मुली संगणकशास्त्र शिकत आहेत, त्यांनी एखाद्या जुन्या यंत्रावर आजच रात्री 'व्हीएमस्टॅट' आणि 'पर्फ' चालवून पाहावे. जगातील मोठमोठ्या संस्थांत जी हत्यारे वापरतात तीच त्यांच्या हातात आहेत. त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही आणि पुण्या-मुंबईस जावे लागत नाही.